कामाच्या ठिकाणची सेफ्टी, हातापायाची आणि डोक्याचीसुद्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेफ्टीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. ट्रेनिंगमध्ये "काही शंका?" विचारलं की सगळे गप्प असतात आणि संपलं की दाराशी दोनचार जण रेंगाळतात, खरे प्रश्न तिथे येतात. खालचे बहुतेक तसलेच आहेत. काहींना उत्तर लांबलचक दिलंय, काहींना एका ओळीत, कारण तेवढंच पुरतं.

मनाचा विषय एचआरचा आणि मशीनचा विषय सेफ्टीवाल्यांचा. दोन्ही एकत्र कशाला करता?

एका पॅकिंग लाईनवरचं सांगते. मशीनच्या गार्डला सेन्सर असतो, गार्ड उघडला की मशीन थांबतं. तर त्या सेन्सरवर कोणीतरी एक छोटा लोहचुंबक चिकटपट्टीने लावून ठेवला होता, म्हणजे गार्ड सताड उघडा असला तरी मशीनला वाटतंय की बंदच आहे. पट्टीच्या कडा काळ्या पडलेल्या, म्हणजे ते काही आदल्या दिवशीचं काम नव्हतं. मी पण तेच केलं जे सगळे करतात, चुंबक काढला, ऑपरेटरला झापलं, फोटो काढून मेल टाकला आणि फार मोठं काम केल्यासारखं वाटून घेतलं. आठवड्याने गेले तर नवीन चुंबक, नवीन पट्टी.

मग एक पूर्ण शिफ्ट तिथेच स्टूल टाकून बसले. पिशवी सारखी अडकत होती, ती काढायला गार्ड उघडला की अख्खी लाईन बंद आणि परत चालू करायला चार मिनिटं, समोर बोर्डावर तासातासाचा आकडा, आकडा कमी पडला की नाव लाल पेनाने, आणि सुपरवायझर येऊन सगळ्यांसमोर आवाज चढवणार. आता मला सांगा, चुंबक हा मशीनचा धोका की मनाचा? बोटं जाणार होती मशीनमध्ये, पण चुंबक तिथे लावला भीतीने. दोन वेगळ्या खात्यांत दोन वेगळ्या फायली केल्या असत्या तर दोन्ही फायली अर्धवट राहिल्या असत्या.

मानसिक सुरक्षितता आणि मनोसामाजिक धोके, हे एकच ना?

नाही, आणि हा घोळ फार होतो. मनोसामाजिक धोका म्हणजे कामाच्या रचनेत किंवा माणसांच्या वागण्यात असलेली अशी गोष्ट जिच्यामुळे मनाला, आणि पुढे शरीरालाही, इजा होऊ शकते: न पेलणारं काम, कामाचा ताबा नसणं, दादागिरी, उद्या नोकरी राहील का नाही याची धाकधूक, ग्राहकाच्या शिव्या. मानसिक सुरक्षितता हा शब्द टीमच्या बाबतीत रूढ केला हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधातून, आणि त्याचा अर्थ साधा आहे: इथे मी "माझं चुकलं", "मला कळलं नाही", "हे धोक्याचं वाटतंय" असं बोललो तर माझी शोभा होणार नाही, याची खात्री. एक धोका आहे, दुसरं तो धोका कानावर येण्याचा रस्ता आहे. रस्ताच बंद असेल तर कितीही धोके असोत, तुमच्या धोक्यांच्या रजिस्टरमध्ये सगळं हिरवंगार.

हॅझर्ड आणि रिस्क यात फरक काय?

सांडलेलं तेल हा हॅझर्ड. त्या तेलावरून कोण जातं, दिवसातून किती वेळा जातं आणि पडला तर किती लागेल, ही रिस्क. कोपऱ्यात कुलूपबंद खोलीत सांडलंय की जिन्याच्या पहिल्या पायरीवर, यावर सगळं आलं.

धोके शोधायचे कसे? रेडिमेड चेकलिस्ट असेल तर द्या ना.

चेकलिस्ट देईन, पण ती टेबलावर बसून भरली तर मागच्या वर्षीचीच कॉपी निघते, अनुभवाने सांगते. मशीन, विजेच्या वायरी, उंची, केमिकल, आवाज, गाड्यांची ये-जा, हे बघायला चालत जावं लागतं, आणि शिफ्ट बदलताना जावं लागतं, लाईन अडकलेली असताना जावं लागतं, रात्री तीनला जावं लागतं. व्हिजिटरसाठी साफसफाई केलेल्या दिवशी नाही.

मनाच्या बाजूसाठी मला ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने ठरवलेले सहा विषय सोपे वाटतात: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मदत, नातेसंबंध, आपली भूमिका स्पष्ट आहे का, आणि बदल कसे केले जातात. आता यावर प्रश्न विचारताना "तुम्हाला स्ट्रेस आहे का" असं अजिबात विचारू नका, कारण उत्तर एकतर "नाही मॅडम" येतं नाहीतर घरची सगळी कर्मकहाणी येते, आणि दोन्हींतून कामाचं काही हाती लागत नाही. कामाबद्दल विचारा. "मागच्या आठवड्यात कुठलं काम घाईत उरकावं लागलं?" "दोन साहेबांनी दोन वेगळं सांगितलं तर तुम्ही कोणाचं ऐकता?" "कुठला नियम पाळला तर काम वेळेत होतच नाही?" या शेवटच्या प्रश्नावर लोक आधी एकमेकांकडे बघतात, मग हसतात, आणि मग जे बोलायला लागतात ते लिहून घ्यायला वही पुरत नाही.

शिवाय कागद पण बोलतात. ओव्हरटाइमचा तक्ता, एकाच सेक्शनमधल्या आजारपणाच्या रजा, तीनचार महिन्यांत सोडून गेलेली माणसं कुणाच्या हाताखाली होती ते. हे सगळं ऑफिसात आधीच पडलेलं असतं, कोणी एकत्र करून बघत नाही एवढंच.

रिस्क मॅट्रिक्समध्ये आकडे टाकताना आमची नेहमी भांडणं होतात. बरोबर आकडा कसा काढायचा?

शक्यता गुणिले तीव्रता, पाच बाय पाचचा चौकोन, लाल पिवळा हिरवा. खरं सांगू का, तो बरोबर आकडा असा काही नसतोच, तो अंदाज आहे. भांडण झालं तर चांगलंच आहे, भांडणातच कळतं की मेंटेनन्सवाल्याला जे "कधीतरी होतं" वाटतंय ते ऑपरेटरला रोज दिसतंय. मला राग येतो तो उलट्या हिशेबाचा, म्हणजे आधी ठरवायचं की हिरव्यात बसवायचंय आणि मग मागे येत येत शक्यता ३ ची २ करायची. आणि एक लक्षात ठेवा, ज्यात जीव जाऊ शकतो ते "शक्यता कमी" म्हणून खाली ढकलू नका, त्याची वेगळी यादी करा आणि ती दर महिन्याला उघडा.

हेल्मेट दिलं, शूज दिले, गॉगल दिले. अजून काय करायचं राहिलं?

वरच्या चार पायऱ्या राहिल्या. क्रम असा आहे: धोका मुळातच काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत वापरा, नाही जमलं तर मधे काहीतरी अडसर घाला, गार्ड, कठडा, एक्झॉस्ट, मग येतात नियम, ट्रेनिंग, बोर्ड, ड्युटी बदलणं, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-शूज. हा क्रम असा का, तर वरच्या उपायाला माणसाने रोज आठवण ठेवावी लागत नाही. कठडा एकदा बसवला की तो दमत नाही, त्याला घाई नसते, त्याचं कोणाशी भांडण झालेलं नसतं. हेल्मेट मात्र रोज सकाळी माणसाने घालायचं असतं आणि तो माणूस रात्रभर झोपला नसेल तरी.

चुंबकाच्या मशीनचं पुढे काय झालं विचाराल तर, मेंटेनन्सच्या फिटरने सांगितलं की पिशवी घसरून येते त्या पत्र्याचा कोन चुकलाय, म्हणून ती आडवी होते. पत्रा बदलला, गार्ड उघडून बंद केल्यावर लाईन पूर्ण पहिल्यापासून सुरू करावी लागायची ते पण बदलून घेतलं, आणि नावांचा बोर्ड उतरवला. बोर्ड उतरवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, पत्रा एका दिवसात झाला होता.

आमच्याकडे महिन्यातून एकदा योगा सेशन असतं आणि काउन्सेलरचा नंबर लावलाय. मानसिक आरोग्याचं झालं ना मग?

वरचा क्रम परत वाचा आणि विचार करा, योगा कुठल्या पायरीवर बसतो. तो मनाचं हेल्मेट आहे. वाईट नाही, असू दे, काउन्सेलर तर हवाच. पण वरून दगड पडतच राहणार आणि आम्ही हेल्मेट वाटत राहणार, असं चाललं तर लोक कंटाळतात, वर टोमणा असा बसतो की तुम्हालाच टेन्शन हाताळता येत नाही. वरच्या पायरीचे उपाय फार साधे असतात आणि म्हणून कोणाला दाखवण्यासारखे वाटत नाहीत: एका माणसाला एकच साहेब, ड्युटीचा तक्ता निदान दोन आठवडे आधी, तातडीचं म्हणजे नक्की काय हे ठरवून बाकीचे मेसेज सकाळी, एखाद्या जागेवर दोन माणसांचं काम एकावर पडलंय तर दुसरा माणूस. शेवटच्यासाठी पैसे लागतात हे मान्य, बाकीच्यांना बहुतेक फक्त साहेबांची सवय बदलावी लागते, जे मला वाटतं पैशांपेक्षा अवघड आहे.

स्ट्रेस सगळ्यांनाच असतो. थोडं प्रेशर नसेल तर माणूस काम करतो का?

प्रेशर आणि इजा यात फरक आहे. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं मॉडेल इथे उपयोगी पडतं: नुसता बोजा जास्त असणं वेगळं आणि बोजा जास्त, पण काय कधी कसं करायचं यातलं काहीच हातात नसणं वेगळं. दुसऱ्यात माणूस पिचतो. सर्जनला बोजा असतोच पण बरेचसे निर्णय त्याचे असतात, कॉल सेंटरवर बसलेल्या मुलीला वाक्यसुद्धा ठरवून दिलेलं असतं आणि बाथरूमला जायला परवानगी लागते. त्यामुळे बोजा कमी करणं शक्य नसेल तर ताबा वाढवा, कामाचा क्रम त्यांना ठरवू द्या, ब्रेक केव्हा घ्यायचा ते ठरवू द्या. याला फार काही खर्च येत नाही.

आणि बर्नआऊटबद्दल, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे: गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं. व्याख्येतच म्हटलंय की कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही त्यातून हे येतं. म्हणजे माणसाला रजेवर पाठवलं आणि परत त्याच खुर्चीत त्याच कामावर आणून बसवलं तर काय होणार ते उघड आहे.

आमच्या प्लांटमध्ये नियर मिस झिरो आहेत. ही चांगली गोष्ट ना?

नियर मिस म्हणजे होता होता वाचलेला अपघात. ते झिरो, हे मला ऐकूनच धडधडतं. एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा अंदाज होता की चांगल्या टीममध्ये औषधं देताना कमी चुका होत असतील, निघालं उलटं, चांगल्या टीमच्या चुका जास्त दिसत होत्या, कारण ते लोक चुका बोलून दाखवत होते आणि बाकीचे लपवत होते. झिरो म्हणजे बहुतेक वेळा कोणी बोलत नाही एवढंच.

आम्ही एकदा नियर मिसची पेटी लावली होती, छान पिवळी, गेटजवळ, बरोबर कॅमेऱ्याखाली. तीन महिन्यांनी उघडली तर आत एक चिठ्ठी, "पेटीची चावी कोणाकडे असते?" इतकंच. मी ती चिठ्ठी अजून ठेवलीय. नंतर पेटी काढली आणि शिफ्टच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांत काल काय होता होता वाचलं ते विचारायला लागलो, आणि आधी सुपरवायझरने स्वतःचं सांगायचं असा नियम केला. पहिले काही दिवस फार अवघडल्यासारखं झालं सगळ्यांना. मग सुरू झालं. पण ज्या दिवशी सांगणाऱ्याला मेमो मिळेल त्या दिवशी हे सगळं बंद पडतं आणि परत सुरू व्हायला वर्ष जातं.

अजून एक, अमेरिकन सेफ्टी अभ्यासक हाइनरिक यांचा १९३१ चा तो त्रिकोण सगळीकडे भिंतीवर असतो, ३०० विनाइजा घटना, २९ किरकोळ इजा, १ गंभीर. तो आकडा नियम म्हणून घेऊ नका. बोटाला खरचटण्याच्या घटना कमी केल्या म्हणून टाकीत गुदमरण्याचा धोका आपोआप कमी होत नाही, त्यांची कारणंच वेगळी असतात.

पण अपघात झाला त्यात चूक त्या माणसाचीच होती, कॅमेऱ्यात दिसतंय. मग?

कॅमेऱ्यात शेवटचं मिनिट दिसतं. पायपर अल्फा घ्या, उत्तर समुद्रातला तेल-वायूचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८, १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, त्या जागी नुसती झाकण-चकती बसवलेली. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत नीट पोचलीच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला आणि कंट्रोल रूमने हा पंप चालू करायचं ठरवलं, त्यांच्या माहितीप्रमाणे तो चालू करण्याजोगा होता. गॅस सुटला, स्फोट झाला. त्यात आग विझवायच्या पाण्याचे पंप मॅन्युअलवर होते, म्हणजे आपोआप सुरू होणार नव्हते, कारण खाली पाण्यात पाणबुडे काम करत असत, त्यांना पंप ओढून घेऊ नये म्हणून. प्रत्येक पायरीवर कोणीतरी आपल्या परीने ठीकच वागत होतं, किंवा निदान रोजच्यासारखं. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. आता कॅमेरा असता तर काय दिसलं असतं? पंप चालू करणारा हात.

म्हणून मी चौकशीत "का केलंस" विचारत नाही, त्यात आरोप येतो आणि माणूस आक्रसतो. "त्या वेळी तुला काय दिसत होतं" असं विचारा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांचं चीजच्या भोकांचं चित्र अनेकांनी पाहिलं असेल, प्रत्येक संरक्षण म्हणजे चीजचा एक तुकडा, त्यात भोकं असतात आणि सगळी एका रेषेत आली की अपघात होतो. बहुतेक चौकशा शेवटच्या तुकड्याच्या भोकावर थांबतात, कारण त्या भोकाला नाव आणि टोकन नंबर असतो.

मुद्दाम केलेलं, नशेत केलेलं, हे वेगळं आहे, त्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण ते थोडं असतं.

डबल शिफ्ट लोक स्वतःहून मागतात, पैसे मिळतात म्हणून. त्यात आमचा काय दोष?

मागतात खरं. पण सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ पासून प्रयोगाने माहीत आहे. गेटवर दारूची फुंकर तपासायची आणि आत तेवढ्याच धुंदीतल्या माणसाला फोर्कलिफ्टची चावी द्यायची, हे काही बसत नाही. दूरचं बघायचं तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त असतो आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त. डबल शिफ्टवर कमाल मर्यादा घाला, दोन ड्युट्यांमध्ये निदान अकरा-बारा तासांचं अंतर ठेवा, आणि रात्रीनंतर घरी जायची सोय बघा, कारण अपघात गेटच्या बाहेर झाला तरी झोप आतच संपलेली असते. आणि लोकांना डबल शिफ्टशिवाय भागतच नसेल तर तो पगाराचा प्रश्न आहे, तो सेफ्टीच्या खात्यात येऊन पडलाय.

आवाज किती चालतो? आणि वजन किती उचलू द्यायचं?

आवाजाला अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस ८ तासांसाठी ८५ डेसिबल अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २. मीटर नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का बघा, लागत असेल तर मीटर मागवा.

वजनाला नायॉशच्याच सूत्रात २३ किलो धरतात, पण ते अगदी आदर्श परिस्थितीत, जवळ धरून, कमरेच्या उंचीला, न वळता. लांबून, खालून, वळून उचललं की आकडा भराभर उतरतो. आणि कंबरदुखी नुसत्या वजनाने येते असं समजू नका, घाईचं आणि काहीच ताब्यात नसलेलं काम असेल तर तीच पोती जास्त दुखतात, अभ्यासांमध्येही हा संबंध दिसतो.

टाकीत किंवा खड्ड्यात कोणी बेशुद्ध पडला तर?

आत उडी मारू नका. मित्र असला तरी, भाऊ असला तरी. बंदिस्त जागेत मरणाऱ्यांमध्ये वाचवायला गेलेले फार असतात, पहिला पडतो, दुसरा धावतो, तिसरा दुसऱ्यासाठी जातो. बाहेरून ओढता येत असेल तर ओढा, आत ताजी हवा सोडा, मदत बोलवा. आत जायचं ते श्वसनाचं उपकरण लावलेल्या आणि शिकलेल्या माणसाने. आधी गॅसच्या मीटरने तपासा, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रवेश नाही. वासावर जाऊ नका, हायड्रोजन सल्फाईड या विषारी वायूला सडक्या अंड्याचा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणून माणूस निश्चिंत होतो.

यात मनाची बाजू कुठे आली असं वाटेल. "मीटर आणल्याशिवाय मी उतरणार नाही" हे वाक्य कॉन्ट्रॅक्टचा माणूस बोलू शकतो का, तिथे आली.

आमचे साहेब शिव्या देतात, पण रिझल्ट देतात. मॅनेजमेंट काही करत नाही.

रिझल्टचा हिशेब पूर्ण मांडा म्हणावं. सोडून गेलेले किती, नवीन शिकवायला किती गेले, रजा किती, आणि त्यांच्यापासून लपवलेल्या चुका पुढच्या सेक्शनला जाऊन किती महागात पडल्या. शिव्या खाणाऱ्या टीमचा आकडा महिनाअखेरीला छान दिसतो, दोषी माल पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या नावावर निघतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १९०, सन २०१९ चा, कामाच्या जगातली हिंसा आणि छळ याबद्दलच आहे, आणि त्यात फक्त शॉपफ्लोअर नाही तर कामासाठीचा प्रवास, ट्रेनिंग, कंपनीचे कार्यक्रम आणि फोनवरचे मेसेजही येतात. तेव्हा "ग्रुपवर गंमत केली" ही सबब चालत नाही. तुमच्या देशाने करार मान्य केला असो नसो, धोरण लिहिताना ही व्याप्ती उचला.

तक्रार आली तर कृपा करून दोघांना समोरासमोर बसवून "मिटवून टाका" करू नका. ज्याच्या हातात ड्युटी आणि इन्क्रिमेंट आहे त्याच्यासमोर दुसरा काय बोलणार? आणि तक्रार करणाऱ्याचीच बदली करणं म्हणजे सगळ्या डिपार्टमेंटला न लिहिता दिलेली नोटीस असते.

ग्राहक किंवा पेशंटचे नातेवाईक अंगावर येतात, त्याला आम्ही काय करणार?

ते नोकरीचा भाग नाही हे आधी काउंटरवरच्या माणसाला मालकाने तोंडाने सांगायचं. मग काउंटरची रुंदी, मागे निघायचा दरवाजा, अलार्मचं बटण, एकट्याला रात्री न ठेवणं. आणि वाट बघायची वेळ किती आहे ते समोर लिहिणं, कारण निम्मा राग ताटकळल्याचा असतो.

सोबतचा माणूस फार गप्प झालाय, "जगून काय करायचं" असं बोलून गेला. विषय काढला तर अजून बिघडेल का?

नाही बिघडणार. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी ऐकतंय याने भार हलका होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घातक वस्तू दूर करा, त्याच्या विश्वासातल्या माणसाला आणि डॉक्टरला किंवा तुमच्याकडच्या तातडीच्या सेवेला लगेच कळवा. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. सल्ले, भाषण, "तुला काय कमी आहे" हे तर नकोच.

मोठा अपघात झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना कामाला लावायचं का?

ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय त्यांना त्याच मशीनवर नको. सगळ्यांना गोळा करून जबरदस्तीने "मन मोकळं करा" पण नको, त्याने काहींचं उलट बिघडतं. खरी माहिती लवकर द्या, नाहीतर अफवा देतातच. बोलायचं असेल त्याला माणूस उपलब्ध ठेवा, घरी जायचंय त्याला जाऊ द्या, आणि महिनाभराने परत विचारा, कारण झोप उडणं, तेच तेच दिसणं हे तेव्हाही चालू असेल तर डॉक्टरची गरज आहे. आणि जखमीच्या घरी कोण गेलं, लोक हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

आम्ही दहाच माणसं आहोत, सेफ्टी ऑफिसर वगैरे परवडत नाही.

मग तुमचं तर सोपं आहे, सगळे एका टेबलाभोवती मावता. एक वही घ्या, पाच रकाने: धोका काय, कोणाला, आत्ता काय करतो, अजून काय करायचं, कोण आणि कधीपर्यंत. पहिल्या दिवशी वीस गोष्टी निघतील, त्यातल्या जीवघेण्या दोन आणि फुकटात होणाऱ्या तीन आधी करा. शेवटचा रकाना रिकामा ठेवला तर बाकीचे चार न लिहिलेलेच बरे.

आयएसओ सर्टिफिकेट घेतलं की झालं ना?

आयएसओ ४५००१, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या आरोग्य-सुरक्षेचं २०१८ चं आंतरराष्ट्रीय मानक, त्याचं सर्टिफिकेट मिळतं. ४५००३ हे २०२१ चं, मनोसामाजिक धोक्यांबद्दलचं, ते मार्गदर्शन आहे, त्याचं सर्टिफिकेट म्हणून काही नसतं, कोणी विकायला आलं तर सावध राहा. दोन्ही वाचण्यासारखी आहेत. पण भिंतीवरच्या फ्रेमने सेन्सरवरचा चुंबक दिसत नाही.

मी साधा हेल्पर आहे. बोललो तर काढून टाकतील. मग हे सगळं आमच्यासाठी काय कामाचं?

याला गोड उत्तर माझ्याकडे नाही. बोलल्यावर माणसांच्या नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्यात. तरी काही गोष्टी करता येतात: एकट्याने नको, दोघातिघांनी मिळून सांगा, कमिटी किंवा युनियन असेल तर तिच्यामार्फत. लेखी किंवा निदान मेसेजवर सांगा, तारीख राहते. "इथे सेफ्टी नाही" असं नको, "तीन नंबरच्या जिन्याचा कठडा हलतोय, काल एकजण वाचला" असं नेमकं सांगा, नेमक्याला नाही म्हणणं अवघड जातं. जीवावरचं काम असेल तर थांबण्याचा हक्क अनेक देशांच्या कायद्यात आहे, तुमच्याकडे काय आहे ते कामगार खात्यात विचारून ठेवा, आत्ताच, गरज पडायच्या आधी. आणि हे वाचणारे मॅनेजर असाल तर हा प्रश्न तुमच्याच हेल्परने विचारलाय असं धरून चाला.

उपाय केला, आता तो टिकलाय हे कळणार कसं? किती दिवसांनी बघायचं?

वर्षातून एकदा तर बघाच, पण मशीन बदललं, माणूस बदलला, टार्गेट वाढलं, शिफ्टचा तक्ता हलवला, काही होता होता वाचलं, की लगेच बघा. टार्गेट वाढवताना कोणी सेफ्टीवाल्यांना विचारत नाही, आणि खरं तर तेव्हाच सगळ्यात आधी विचारायला हवं. बघायला जाताना आकडे घेऊन जाऊ नका, हाताने तपासा. त्या पॅकिंग लाईनवर मी अजूनही गेले की आधी सेन्सरकडे बघते. मागच्या वेळी चुंबक नव्हता. पट्टीचा चिकट डाग तेवढा तसाच आहे, आणि त्याच्यावर बऱ्यापैकी धूळ बसलेली होती.